नाव उपलब्ध आहे का

आधी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ काढून टाका.
मग नावही सगळं लिहू नका, अर्धंच लिहा,
गर्दीत हाक मारतो तसं:
ओळखीचं असेल तर अर्ध्यावरच वळून बघतं.

बोरा बाजारात, दुसऱ्या मजल्यावर, खंबाटांच्या ऑफिसात
अकरा वर्षं मी हेच सांगते लोकांना.
पंख्याखाली कागद दाबायला एक बेअरिंग आहे,
बुडालेल्या एका कंपनीनं फीऐवजी दिलेलं.

रजिस्टरला देवनागरी येत नाही.
लक्ष्मी तिथे कधी एक्स घालून येते, कधी के-एस-एच,
एकदा तर शेवटी दोन ई लावून आली होती.
सगळ्या बघायच्या.
मागे एस जोडला म्हणून नाव नवं होत नाही,
जोडलेलं तोडलं म्हणूनही नाही.
कानाला सारखं ते सारखंच.

मंगळवारी वेसाव्याहून दमयंती वैती आल्या.
बरोबर लेक, पिशवीत सोडे आणि जवळा.
पाकिटावर छापायला नाव हवं होतं, म्हणजे कंपनी हवी होती.
“हिरादेवी,” म्हणाल्या. “आमची बोट. माझ्या सासूचं नाव.”
बोट भंगारात गेली,
सासू आणि नवरा त्याआधी.

चौदा निघाल्या.
सुरतेची साड्यांची, नागपूरची सिमेंटची,
आणि नववी, हिरादेवी मरीन. मुंबई.
स्थिती: नोंदवहीतून काढून टाकलेली.

उघडली. स्थापना दोन हजार नऊ. भांडवल एक लाख.
ताळेबंद एकदाही भरलेला नाही.
संचालक दोन. पहिला कुणी जयसिंग पोपट.
दुसरं नाव मी वाचलं नाही,
स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

त्यांनीही वाचलं नाही.
लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच;
इथे ते इंग्रजीत, सगळी मोठी अक्षरं, आडनाव आधी.
लेकीनं घेतलं शेवटी: हरेश्वर मोतीराम.
आणि खालचा पत्ता, बाजार गल्ली, घर एकसष्ट.

“माझ्या घरात कंपनी व्हती,” त्या म्हणाल्या,
“आनि मना ठाव नाय?”
मग बराच वेळ बोटांवर काही मोजत राहिल्या.
“नऊ साली पाटल्या मोडल्या. इंजिनाला म्हणून.”

मी नियम सांगितला. नियम सांगायचा असतो.
काढून टाकलेलं नाव वीस वर्षं कुणालाच देत नाहीत,
घरातल्यांनाही नाही.
एवढं लांब सुतक माणसाचंही नसतं.
अर्ज करून कंपनी पुन्हा जिवंत करता येते,
म्हटलं, आणि खर्च सांगितला.
“नको. तो उठला तर देणेकरी पण उठतील,”
आणि त्या हसल्या, लेक हसली नाही.

शंभर रुपये भरले की जुने कागद बघता येतात,
कुणालाही. ओळख सांगावी लागत नाही.
बटव्यातून नोट काढून त्यांनी बेअरिंगखाली सरकवली.

स्कॅन वाकडे होते. करार, शिक्के, पॅन कार्डाची काळी झेरॉक्स.
शेवटून दुसरं पान, घरमालकाची संमती:
सदर जागेत कंपनीचे कार्यालय असण्यास माझी हरकत नाही.
खाली निळ्या शाईत, सावकाश, प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ देत,
हिरादेवी मोतीराम वैती.

“ही तर रेशनवर अंगठा लावायची,” दमयंतीबाई म्हणाल्या.
स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या.
“तीस वर्षं माझ्यासमोर अंगठा.”

मी पान मोठं करून दिलं. वेलांटी जरा चुकली होती.

नाव अजून ठरलेलं नाही.
पर्याय तीन लिहून आणा, सांगितलंय, शुक्रवारपर्यंत,
आणि ट्रेडमार्कची यादी वेगळी असते, तीही बघू.
खंबाटांनी दोनदा विचारलं, वास कसला येतोय.
सोड्यांची एक पुडी ठेवून गेल्या होत्या
खालच्या खणात,
फीऐवजी नव्हे. फी दिली त्यांनी.